बाटलीवरच्या खुणा

होटगी स्टेशनात गाडीत चढलेला एक म्हातारा धनगर आमच्यासमोर बसला आणि घोंगडीतून औषधाची बाटली काढून उजेडात धरू लागला. बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी होती आणि वर तांबडं लेबल. आई शेजारी पेंगत होती. परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नसे.

"लगवी तुंबती, त्येचं हाय," तो आपणहून म्हणाला. "तीन दिस मेंढरामागं हुतो, घेतलंच न्हाय. आता सोलापुरात डाक्टर खुना बगून लई वरडंल की." अंगठ्यानं त्यानं तीन दिवसांच्या खुणा मोजल्या आणि तेवढं एकदम प्यायला बूच काढलं.

लेबल इंग्रजीत होतं. विष. एका वेळी एकच खूण. मी पुढे झुकले.

"आजोबा, नका! राहिलेलं एकदम घ्यायचं नसतं. जीव जाईल."

"मग सांडू व्हय खिडकीतनं?"

"नको. डॉक्टरांना वाटेल, घेऊनही गुण आला नाही. आणखी जहाल देतील. खरं ते सांगा."

तो बूच बोटांत फिरवत राहिला. ओरडा खाण्याची ती भीती मला शाळेपासून ओळखीची होती.

"तू येतीस का पोरी संगं, सांगाया?"

सोलापूर आलं. आईनं जागी होऊन माझा दंड धरला. मी मान खाली घातली.

तो उघडी बाटली धरूनच उतरला. गर्दीत त्याची पाठ दिसत होती तोवर मी एकच पाहत होते, त्याचा हात तोंडाकडे जातो का.