उंट, लिंबू-मिरची आणि प्रणाली मॅडम

उंटाला लिंबू-मिरची बांधू नये. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी रिक्षावाला माणूस. नाहूर स्टेशनच्या बाहेर माझी रिक्षा लागते. शाळेशी माझं कधी जमलं नाही, चौथीत मास्तरांनी हात जोडले आणि मी दप्तर ठेवलं. पण पोरगी, प्रणाली, शिकली! अंधेरीच्या एका टूरवाल्या हापिसात लागली आणि तिला पहिलीच टूर मिळाली ती सरळ वाळवंटाची. जोधपूर ते जैसलमेर. थोडं जीपनं, बाकी उंटावरनं, रात्री तंबूत. ही टूर नीट झाली तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार!

दोन सीट रिकाम्या राहिल्या म्हणून आमची वर्णी लागली. मी आणि माझी बायको सुषमा. निघायच्या आदल्या दिवशी पोरीनं आम्हाला समोर बसवलं.

"पप्पा, ओळख दाखवायची नाही. मी मॅडम, तुम्ही सर. साहेबांना वाटायला नको की घरची माणसं भरलीयेत."

"ओके मॅडम!"

"आणि एकच काम करा. काहीच करू नका."

मी तिथल्या तिथे ठरवलं, पोरीची नोकरी मी पक्की करून देणार. (काहीच न करता कशी करणार होतो, हा विचार मला शिवला नाही.)

टूरमध्ये मुलुंडचे देवस्थळी काका होते. रिटायर्ड ऑफिसर. हॉटेलात चहा कोमट आला तरी हे थेट मालकाला फोन लावणार. आमच्या प्रणालीच्या साहेबांचा नंबर त्यांनी जोधपूरलाच घेऊन ठेवला. झालं! मी त्यांच्यावर डोळा ठेवला. हा माणूस खूश तर पोरगी पक्की.

पहिल्या सकाळी उंट समोर आले. आता मला सांगा, नवीन गाडी आपण नारळ न फोडता काढतो का? नाही ना! मी पिशवीतला नारळ काढला, उंटाला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या पायाशी दगडावर दिला दणका! उंट ताडकन उठला. सुषमाचा एक पाय खोगिराच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि ती त्याच्या मानेला मिठी मारून.

"तुमका सांगितलंय ना, गप बसा म्हणान!" ती वरनं ओरडली.

उंटवाला हुकमाराम मला म्हणाला, "बाऊजी, ये ऊंट है, मोटर नहीं."

"वही तो! मोटर को इतना करते हैं, ये तो जानवर है!"

नारळ उंटानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सुषमानं घोळ घातला. संध्याकाळी गार वारा सुटला तशी ती सगळ्यांसमोर ओरडली, "प्रणाली, स्वेटर घाल गं!"

देवस्थळी काकांनी मान वळवली.

"म्हणजे... प्रणाली मॅडम, स्वेटर घाला!"

"तुम्ही यांना आधीपासून ओळखता?" काका म्हणाले.

"छे! आमच्या गावाकडे सगळ्यांनाच स्वेटर घालायला सांगतात," मी म्हटलं. (कोकणात! जिथे स्वेटर फक्त फोटोत असतो!)

मग उजाडला शनिवार.

शनिवार म्हणजे गाडीची जुनी लिंबू-मिरची काढून नवी बांधायची. इतकी वर्षं रिक्षा चालवतोय, एक शनिवार चुकला नाही. नाहूरच्या बाजारातनंच ओवून आणली होती. एक लिंबू, खाली लवंगी मिरच्या, शेवटाला कोळसा. आणि इथे तर पोरीच्या नोकरीला नजर लावायला मुलुंडवरनं माणूस आला होता! सगळे चहा पीत होते तेव्हा मी गुपचूप गेलो. रिक्षाला पुढे बांधतो, पण माझ्या उंटाला बंपर कुठाय? गळ्यात बांधली तर त्यानं मान झटकली. म्हटलं, ट्रकवाले मागे बांधतात, आपण पण मागे. खोगिराच्या पाठीमागे, शेपटीच्या जरा वर, झकास लोंबकळत ठेवली.

आता ऐका. उंट चालतात एकामागे एक. मागच्याचा दोर पुढच्याच्या खोगिराला. म्हणजे माझ्या लिंबू-मिरचीच्या बरोब्बर समोर मागच्या उंटाचं तोंड. आणि त्या उंटावर कोण? देवस्थळी काका!

जरा वेळ बरा गेला. मग मागनं कचाकचा आवाज आला.

"अहो," काका म्हणाले, "माझा उंट काहीतरी खातोय."

मी वळून बघितलं. लिंबू गायब. मिरच्या गायब. कोळसा तेवढा त्यानं थुंकला.

मग त्यानं तोंड वर केलं आणि असा ओरडला, की सगळी टूर जागेवर थांबली. एक हिसडा! दोर सुटला! आणि देवस्थळी काकांना घेऊन उंट सुटला पाकिस्तानच्या दिशेला!

"थांबवा! अरे थांबवा!"

"काका, ब्रेक!" मी ओरडलो.

"ब्रेक कुठाय?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण मी हार मानणारा नाही. उंटावरनं उडी मारली. (उंट उभा होता, हे उडी मारल्यावर लक्षात आलं.) वाळूत नाकापर्यंत गेलो, उठलो, धावलो. एक चप्पल राहिली, पुढे दुसरी राहिली. काकांची टोपी सापडली, काका नाही सापडले.

तेवढ्यात माझ्या बाजूनं एक उंट सणसणत गेला. वर आमची प्रणाली! मागे हुकमाराम. पोरीनं लांबनं वळसा घालून काकांच्या उंटाला आडवं घेतलं, खाली उतरली, हळू हळू बोलत जवळ गेली आणि हातावर गुळाचा खडा धरला. उंटानं गूळ चाटला. अजून एक. मग तो निमूट गुडघे टेकून बसला. गुळाची पिशवी ती पहिल्या दिवसापासून कमरेला बांधून होती, आणि मला वाटायचं पोरगी उपाशी राहते म्हणून लपून खाते!

काका खाली उतरले. थेट माझ्याकडे बोट.

"हा माणूस! ह्यानंच बांधलं ते! मी आत्ता तुमच्या साहेबांना फोन करतो!"

नोकरी गेली. म्हटलं, जीव गेला तरी चालेल, पोरीवर येऊ द्यायचं नाही. पुढे झालो.

"मॅडम, चूक माझी एकट्याची. मला काढा टूरमधनं."

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. चेहरा एकदम हापिसातला.

"सर, जैसलमेरपर्यंत तुम्ही जीपमध्ये बसाल. सामानाबरोबर."

"हो मॅडम."

"आणि कशालाही काहीही बांधणार नाही."

"नाही मॅडम."

मग राहिलेलं सगळं वाळवंट मी कांद्याच्या गोणीला टेकून बघितलं. सुषमा उंटावरनं राणीसारखी हात करायची. मीही करायचो. दुसरं काम काय होतं?

जैसलमेरच्या किल्ल्यात पोचलो आणि देवस्थळी काकांनी फोन काढला. स्पीकरवर! सुषमानं माझं मनगट असं धरलं की बांगडीची नक्षी उमटली.

"साहेब, तक्रार नाही," काका म्हणाले. "मुलगी सोन्यासारखी आहे. माझा जीव वाचवला तिनं. पण टूरमध्ये एक महाभाग होता हो! त्यालासुद्धा ती शेवटपर्यंत ‘सर’ म्हणत होती. मी असतो तर त्याचा बापच काढला असता!"

सुषमाला जोरात ठसका लागला. प्रणाली किल्ल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. रडत नव्हती.

नोकरी पक्की झाली. आता नवीन गाईड आले की त्यांना ट्रेनिंग देते. परवा घरी जेवताना सहज म्हणाली, "पप्पा, ट्रेनिंगमध्ये तुमचा फोटो दाखवतो आम्ही. वाळूतनं अनवाणी धावतानाचा. वर लिहिलंय, असा प्रवासी मिळाला तर काय करावं."

सुषमा आमटी वाढता वाढता थांबली. मी मात्र ताठ बसलो. चौथीपर्यंत मला एक धडा पाठ झाला नाही. आणि आज अंधेरीच्या एसी हापिसात शिकलीसवरलेली पोरं वहीपेन घेऊन मला पाठ करतायत!