शक्यतो

दोन विमान कंपन्या एक झाल्या आणि युनियनने नवा करार आणला: ‘शक्यतो कुणालाही कामावरून काढणार नाही.’ त्यातल्या पगारवाढीच्या आनंदात सगळे सही करायला निघाले. विमानांची चाकं बसवणाऱ्या वहिनींचं मात्र डोकं सटकलं. युनियनच्या सेक्रेटरीची ही भावजय, म्हणून अख्ख्या हँगरची वहिनी.

“वहिनी, एका शब्दासाठी कशाला अडून बसता?” दीर वैतागला.

“भाऊजी, ‘चाकं शक्यतो घट्ट बसवलीत’ असं म्हटलं, तर चढाल का विमानात?”

हशा पिकला. करार परत गेला, तो ‘शक्यतो’ गाळूनच आला. तोवर वहिनींची निवृत्ती जवळ आली. त्यांना स्वतःला त्या कराराचा काडीचाही उपयोग नव्हता.

निरोपाच्या दिवशी दिराने हात जोडले. “वहिनी, आता तरी जिभेला लगाम घाला.”

“शक्यतो,” वहिनी म्हणाल्या.