सभेतला एकही चेहरा सोडला नाही

आठवीत शाळा सुटली आणि मी सांगलीकडून गोंदियात येऊन पडलो. एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी मला जेवायला ताट दिलं, हातात कॅमेरा दिला. आज माहितीपट करून पोट भरतो ते त्यांच्यामुळे. लग्नाच्या शूटिंगचा त्यांचा एकच नियम होता. "मांडवातलं एकबी तोंड सोडू नको. ज्याचं सुटलं, तो कॅसेट पाहून भांडाले येते."

चार वर्षं मी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक चेहऱ्यावर तीनपर्यंत मोजत थांबत गेलो.

मग एका वाहिनीसाठी बातमीचं पहिलं काम मिळालं. सालेकसाकडच्या जंगलातल्या एका गावात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची सभा होती. भाव वाढल्याशिवाय पानं तोडायची नाहीत, असं ठरत होतं. भाषण मी धड ऐकलंही नाही. हात सवयीनं फिरत गेला. एका म्हातारीनं पदर सारखा केला. "नीट घेजो बाबू, नाहीतर माहं नाकच येईल नुसतं!" सगळे हसले.

तीन दिवसांनी दोघे जण स्टुडिओत आले. चहाला नको म्हणाले.

"उस मीटिंग की कॅसेट दिखाओ. भाषण नको. कोन कोन बसून होते, तेवढंच पाहू."

ते पोलिसांचे, ठेकेदाराचे की जंगलातल्या नक्षलवाद्यांचे, मला आजही ठाऊक नाही. कॅसेट वाहिनीकडे नागपूरला गेली, असं मालकांनी सांगितलं. ती खणातच होती.

"मागवून ठेवा. बुधवारी येतो."

ते गेल्यावर मालक माझ्यावर उसळले, "अबे, सारे चेहरे काऊन घेतले? लगन होतं काय थे?" मग स्वतःचाच नियम आठवून त्यांनी खणातून कॅसेट काढली.

शटर ओढून, कॅमेऱ्याला टोपण लावून आम्ही तीच कॅसेट पुन्हा रेकॉर्डला लावली. तासभर अंधार भरत राहिला. बाहेर मोटारसायकल थांबली की मालक शटरच्या फटीतून पाहायचे.

बुधवारी त्यांनी ती काळी कॅसेट शेवटपर्यंत शांतपणे पाहिली. मग त्यातला एक माझ्याकडे वळून हसला.

"तुले तं पाठ असतील ना चेहरे? गावात चालशील आमच्यासंगं. उद्या सकाळी येतो."

दुपारच्याच गाडीत मालकांनी मला बसवलं. जुना कॅमेराही दिला. "परत येऊ नको," एवढंच म्हणाले.

त्याला कितीतरी वर्षं झाली. आता दूरच्या शहरात असतो. अजूनही तिकडची बातमी आली की मी मजकूर नंतर वाचतो. आधी फोटोतले चेहरे पाहतो.