कानात न सांगितलेलं नाव

माझ्या धाकट्या भावाचं आणखी एक नाव होतं, हे मला तो पहिलीत असताना, तापानं फणफणला तेव्हा कळलं. ते नाव त्याच्या कानात कुणी सांगितलंच नव्हतं, हे तर आईलाही तेव्हाच कळलं.

गिरण्यांचा संप चालू होता, म्हणून आत्या गिरणगावातून आमच्याकडे मुलुंडला राहायला आली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरेना. आई म्हणाली, "वन्सं, पाळण्यातल्या नावानं दृष्ट काढा."

आत्यानं मुठीत घेतलेल्या मीठ-मोहऱ्या परत वाटीत ठेवल्या. मग म्हणाली, "मी ता नाव घेतलाच नाय."

"मग बारशाला कानात काय सांगितलंत?"

"मारुती."

माझ्यानंतरची दोन बाळं गेली होती. तेव्हा आई दर्ग्यात नवस बोलली होती, आता होईल तो जगला तर पाळण्यातलं नाव मुराद ठेवीन. शाळेत घालताना दुसरं. नवस फिटला असंच ती धरून चालली होती. आता हा ताप त्यामुळेच, अशी तिची खात्री झाली. नवस पिराला आणि नाव मारुतीचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मला काही उमजेना. बारशाला मी तिथेच होते. 'कुर्रर्र' ऐकलं होतं, आणि रीत म्हणून बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, त्यातला एक मीही घातला होता. मग आम्ही रोज हाक मारत होतो तो नक्की कोण? आणि रागावलं कोण होतं, देव की पीर? मला दोघांचीही भीती वाटायला लागली.

संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले चाचा मोसंबी घेऊन आले. आईबाबांना दर्ग्यात त्यांनीच नेलं होतं. मी सरळ विचारलं, मुराद म्हणजे काय.

"अरबी शब्द आहे, बेटा. आपण इरादा म्हणतो ना, त्याचाच भाऊ. मनात धरलेलं, मागून घेतलेलं. ज्याची वाट पाहिली, तो."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "इतक्याच?" ती म्हणाली. "माका वाटला, ता नाव घेतला काय पोर आपला रवाचा नाय."

चाचा मोसंबी सोलत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि का बघवत नाही तेही कळेना.

आत्या खाटेशी गेली, वाकली आणि भावाच्या कानाला तोंड लावलं. "कुर्रर्र... मुराद."

"आत्या, गुदगुल्या होतात गं," तो म्हणाला.

आईनं मागून तिच्या पाठीत धपाटा घातला. रीतच ती. पण इतक्या जोरात की आत्याचा अंबाडा सुटला. आईनं आणखी एक घातला, आणखी एक. मग त्याच पाठीवर डोकं टेकून ती रडायला लागली, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत आत्या तशीच वाकून राहिली.