कवळीतली शिट्टी

माझे भावोजी दात करतात. म्हणजे कवळ्या. शहरातल्या नऊ दवाखान्यांतले डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते मी डब्यात घालून स्कूटरवरून भावोजींकडे आणतो आणि दात तयार झाले की त्याच डब्यातून परत पोचवतो. लोकांना वाटतं दात डॉक्टरच करतात. डॉक्टरही कधी नाही म्हणत नाहीत.

भावोजींची कामाची खोली ताईच्या स्वयंपाकघराच्या मागे आहे. खिडकीशी लांब टेबल, घासायची मोटर, मेण तापवायचा दिवा आणि तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. नवा पाहुणा तिथे डोकावला तर चहाला थांबत नाही. एकतीस वर्षं भावोजी या जबड्यांच्या संगतीत बसलेत, पण त्यांतल्या एकाही जबड्याचा मालक त्यांनी पाहिलेला नव्हता. पाहायची हौसही नव्हती. "माणसं बडबड फार करतात," म्हणायचे. "प्लास्टर गप्प बसतं." ताईने एकदा त्यांच्या टेबलावर रेडिओ आणून ठेवला, तर त्यांनी त्याच्यावर चार जबडे वाळत घातले.

कामात मात्र माणूस सोनं, आणि तितकाच हेकट. आधी दात मेणात बसवून दवाखान्यात पाठवायचे, डॉक्टर ते पेशंटच्या तोंडात घालून बघणार, ठीक आहे म्हणाले की भावोजी ते पक्के करणार, अशी रीत. पण पक्के करण्याआधी भावोजी सुरी तापवायचे आणि वरचे पुढचे दात केसभर पुढे झुकवायचे. कोणी सांगितलेलं नसे. "यानं चेहऱ्याला डौल येतो," म्हणायचे. "ही आपली सही." मला कधी फरक दिसला नाही, पण मला विचारतो कोण!

तक्रारी यायच्या. मी कामाला लागलो त्याच वर्षी दोन दवाखान्यांनी सांगितलं की नव्या दातांनी बोलताना शिट्टी वाजते. मी भोळेपणाने तो निरोप घरी आणला. भावोजी म्हणाले, "शिट्टी वाजते? मग चौकात उभं राहून गाड्या आवर म्हणावं." त्या दिवसापासून मी निरोप आणणं सोडलं. डॉक्टरांना म्हणायचो, सांगितलंय हो त्यांना. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, होईल सवय. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस धूळ नाही, बारीक काम नाही, वाचन नाही. तिसऱ्याच दिवशी ताईचा मला फोन आला, "ह्यांना कुठेतरी ने, नाहीतर मी तरी कुठे जाते." मी गेलो. भावोजी काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते आणि भिंतीवर चिडले होते. मी माझा फोन काढला, त्यांच्या कानात इयरफोन घातले.

"हे काय?"

"पॉडकास्ट. माणसं बोलतात, आपण ऐकायचं."

"म्हणजे रेडिओच की."

"रेडिओ नाही. हवं तेव्हा लावायचं, हवं तेव्हा थांबवायचं."

"माणसं बोलतात ते ऐकायची पाळी यावी इतका आजारी पडलोय का मी?"

मी हाताला लागलं ते लावून दिलं आणि डबे पोचवायला गेलो. परत आलो तर भावोजी जिथे होते तिथेच. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं. पाचेक मिनिटांनी इयरफोन काढले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी चमत्कार केला होता.

"हा माणूस दीड तास कुलपांवर बोलला," ते म्हणाले. "नुसत्या कुलपांवर! आणि मी जेवायचं विसरलो."

ताई दारातच थबकली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात जेवणाची वेळ चुकलेली तिने पाहिली नव्हती. तिने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्यानंतर त्यांना जे वेड लागलं, ते विचारू नका. मधमाश्या, बुडालेली जहाजं, जिने बांधणारा एक गवंडी, नोकरी गेलेली एक बाई. विषयाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना थक्क केलं ते आवाजांनी. "मध्ये कोणी तोडत नाही रे यांना," मला सांगायचे. "अडखळतात, थांबतात, पुन्हा सुरू करतात. आत्ता त्या बाईला रडू येत होतं, तिनं ते गिळलं. ऐकू आलं मला गिळलेलं!" आणि मग एके दिवशी, डोळे मिटून ऐकता ऐकता, एकदम म्हणाले, "या गवंड्याचा वरचा एक दात पडलाय. फ कसा सांडतो बघ." थोड्या वेळाने त्यांचा आवाज उतरला. "एकतीस वर्षं दात केले मी. दिसायचे आणि चावायचे. बोलायचेही असतात, हे डोक्यातच आलं नाही."

मला तेव्हाच माझा जुना निरोप आठवायला हवा होता. आठवला नाही.

दहाव्या दिवशी त्यांना 'लाइन चालू आहे' सापडलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली एक ऑपरेटर बाई, वय शहात्तर, दर रविवारी अर्धा तास बोलायची. सुनेने तिला सगळं जोडून दिलं होतं. ऐकणारे असतील शे-दोनशे, पण ती बोलायची एकीशीच, तिच्या थोरल्या बहिणीशी. ही अक्का आंधळी, दुसऱ्या शहरात वृद्धाश्रमात राहायची, आणि तिथली नर्स दर रविवारी तिच्या उशाशी फोन लावून ठेवायची. धाकटी तिला त्यांच्या लहानपणच्या घरातून फिरवून आणायची. "अक्का, आता आपण जिना चढतोय. चौथी पायरी सोड, ती कुरकुरते, बाबा जागे होतील." असं.

भावोजी विरघळले. त्यांनी इयरफोन काढून फोन कामाच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, म्हणजे ताईलाही ऐकता येईल. ताई मटार सोलत बसायची, मी डबे बाजूला ठेवून स्टुलावर. एकवीस भाग आम्ही तिघांनी ओळीने ऐकले. त्या बाईचा आवाज स्वच्छ होता, एकेक अक्षर पुसून ठेवल्यासारखं.

बाविसावा भाग लावला आणि पहिल्याच वाक्यात शिट्टी. प्रत्येक स ला शिट्टी, श ला शिट्टी, च ला अर्धी.

भावोजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "दात बदलले हिने. कुठल्या गाढवाने केलेत?"

फोनमधून ती बाई हसत सांगत होती, "अक्का, माझे दात नवे आहेत बरं का, म्हणून जीभ जरा घर चुकतेय. पण एक काम केलंय. तू मला जिन्यावरून ढकललंस आणि माझा दात तिरका आला, आठवतं? वरचा, डावीकडचा दुसरा. डॉक्टरांना सांगून नव्या कवळीतही तो तसाच तिरका करून घेतला. तुझी आठवण सोडते की काय!"

भावोजींचा हात हवेत राहिला. मला दातखीळच बसली. ती चिठ्ठी मीच आणली होती. 'वरचा डावा दुसरा दात तिरका ठेवावा, पेशंटची इच्छा.' तेव्हा भावोजी अख्खा दिवस कुरकुरत होते, लोक मोती मागतात, ही बाई वाकडं मागते. एकतीस वर्षांत अशी चिठ्ठी एकच.

"पुढचा लाव," भावोजी म्हणाले.

पुढचा लावला. मग त्याच्या पुढचा. शिट्टी काही जाईना. चार महिन्यांचे भाग आम्ही ऐकले, ताईच्या हातातला मटार तसाच राहिला. सगळ्यात ताज्या भागात ती बाई हसली नाही. "पुढचा रविवार शेवटचा," ती म्हणाली. "नर्स सांगते, अक्का म्हणते ही माझी बहीण नाही. फोन केला तरी कोण बाई तुम्ही म्हणते आणि ठेवून देते. पाय मोडल्यापासून मला प्रवास होत नाही, नाहीतर जाऊन बसले असते तिच्याजवळ. डॉक्टर म्हणतात, वय झालं, विसरली. मी हिचं घर हिलाच सांगतेय आणि ही घाबरते. मग कशाला बोलायचं?"

भावोजींनी काळा चष्मा काढला. तोंड पांढरं पडलं होतं. "विसरली नसेल," ते म्हणाले. "आवाजच बदललाय. मी बदललाय." मग फळ्यांवरच्या जबड्यांकडे बघून म्हणाले, "एकीचीच शिट्टी वाजली असेल का रे?"

आता मूग गिळून बसणं मला जमेना. मी सांगून टाकलं. नऊच्या नऊ दवाखान्यांतून तक्रारी येत होत्या, सगळी वर्षं येत होत्या, आणि त्या पहिल्या निरोपानंतर मी एकही तुमच्यापर्यंत आणली नाही.

मला वाटलं होतं भावोजी ओरडतील. ओरडली ताई. "एकाला ऐकायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही! आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी बोलू तरी कोणाला?" मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी मटार सोलायला घेतले.

पंधरा दिवस भरायचे होते, तरी भावोजी दुसऱ्याच दिवशी कामाला बसले. त्या बाईचं जुनं प्लास्टर फळीवर होतंच. मेणात नवे दात बसवले, आणि डबा माझ्या हातात देण्याऐवजी स्वतः स्कूटरवर मागे बसले. डॉक्टरांनी त्यांना पाहून आधी ओळखलंच नाही, मग त्यांच्या तोंडाचा आ वासला. बाईंना बोलावून घेतलं होतं. छोटीशी, ताठ बसलेली म्हातारी, हातात काठी. भावोजींनी आयुष्यातला पहिला पेशंट पाहिला आणि नमस्कार करायचंही विसरले.

"ती शिट्टी माझी आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांची चूक नाही. तुम्ही पसंत केलेले दात मी नंतर पुढे झुकवले. छान दिसावेत म्हणून."

बाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या काठीवर हात आवळून म्हणाल्या, "छान दिसावेत म्हणून? तिला दिसत नाही हो! तिला फक्त माझा आवाज होता." आणि त्यांनी तोंड फिरवलं. भावोजी उभेच राहिले. डॉक्टर कसलीतरी बाटली उगाच इकडून तिकडे ठेवत होते.

शेवटी बाईच म्हणाल्या, "आणा ते दात."

भावोजींनी मेणाचे दात त्यांच्या तोंडात बसवले आणि डोळे मिटले. "काहीही बोला. स असलेलं."

बाई ऑपरेटर होत्या, त्यांना सांगायला नको. "सहासष्ट, सदुसष्ट, शहात्तर, सत्त्याहत्तर."

शिट्टी बारीक, पण होती. भावोजींनी सुरी तापवली, दात केसभर मागे ढकलले. पुन्हा सहासष्ट, सदुसष्ट. पुन्हा सुरी. तिसऱ्या वेळी सत्त्याहत्तर असं स्वच्छ पडलं की मला टेबलावरचा फोनच आठवला, पहिल्या एकवीस भागांतला.

"मला विचारू नका," भावोजी म्हणाले. "त्यांना फोन लावा."

बाईंनी तोंडपाठ नंबर सांगितला, मी तो लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. नर्सने तो अक्कांच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू येत होता.

"अक्का, मी धाकटी."

पलीकडे काहीच नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, सहासष्ट पायऱ्या नव्हत्या आपल्याकडे, सोळा होत्या. चौथी सोडायची."

"कुठे मेली होतीस गं!" फोन एकदम कडाडला. "चार महिने! एक बाई बोलायची इथे. धाकटी आहे म्हणायची, आपल्या घरातलं सगळं तिला पाठ. दातांचं कायतरी सांगत होती, म्हटलं निमित्त बरं शोधलंय. नर्सनं समजावून समजावून दाताच्या कण्या केल्या, पण मला काय आवाज कळत नाही?"

"अगं, ती मीच..."

"मला वाटलं, तू गेलीस." अक्कांचा आवाज फुटला. "तू गेलीस आणि मला कळू नये म्हणून तुझ्या सुनेनं कोणालातरी बोलायला बसवलंय. मी कोणाला विचारणार? दर रविवारी ती बाई बोलायची आणि मी तुझ्यासाठी रडायचे."

अक्का काहीच विसरली नव्हती. आम्ही सगळे डोळसच होतो, आणि त्या एका आंधळ्या म्हातारीला तेवढं बरोबर ऐकू आलं होतं. भावोजींनी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ऑपरेशनच्या डोळ्यांनी रडायचं नसतं, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

बाई रडतच बोलायला लागल्या. घाईघाईने, थोरल्या बहिणीची बोलणी खात, मध्येच हसत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. डॉक्टर हळूच पुढे झाले.

"आजी, ते मेणाचे आहेत अजून. इतकं बोललात तर सरकतील."

"बोलू द्या," भावोजी म्हणाले. "सरकले तर पुन्हा बसवीन."