लाल कॅप्सूलची वाटणी

डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर दोन एक्सरे शेजारी शेजारी लावले. एक माझा, दुसरा माझ्या धाकट्या जावेचा, पुष्पाचा.

"दोघींनाही टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. औषध नीट घेतलं तर हा आजार बरा होतो."

पुष्पा तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी रडले नाही. मी कोणाचा डाग मोठा ते बघत होते. माझा मोठा होता. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला कॅव्हिटी होती, कॅव्हिटी म्हणजे जंतूंनी खाऊन पाडलेला खड्डा. पुष्पाच्या फोटोत नुसती धुरकट जागा दिसत होती. आजारातसुद्धा हिला कमीच आलं, असं माझ्या मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण हा आजार ज्यांच्या घरात शिरला आहे त्यांच्यासाठी मी लिहायला बसले आहे. तेव्हा खोटं लिहून उपयोग नाही.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माझे यजमान आणि दीर, दोघा भावांचं शहरात सदर भागात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सासरे वर्षभर खोकून खोकून गेले होते. सगळे दमा दमा म्हणत राहिले, थुंकी कोणी तपासली नाही. त्यांचं सगळं आम्ही दोघी करत होतो. मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, पहिले मला, महिनाभरानं पुष्पाला. वजन उतरलं, पोलकी ढगळ झाली. एक दिवस माझ्या बेडक्यात रक्त दिसलं, तेव्हा छातीच्या रोगाचा सरकारी दवाखाना गाठला.

पुष्पा मॅट्रिक झालेली, मी सातवी. ती उजळ, मी सावळी. ती हळू बोलायची, आणि माझ्या बोलण्याला धार आहे हे तुम्हाला दिसतंच आहे. पाहुणे आले की पुष्पाच्या हातचा चहा, पुष्पाची रांगोळी. माझ्याजवळ एकच गोष्ट होती जी तिच्याजवळ नव्हती. माझी बेबी. चौदा महिन्यांची होती. पुष्पाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिची ओटी रिकामी होती.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. बेबीच्या हातावर बारीक सुई टोचून तीन दिवसांनी फुगवटा मोजला. तिला आजार नव्हता, पण जपायला पाहिजे म्हणून रोजची एक लहान गोळी लावून दिली. सासूबाईंनी त्याच दिवशी तिला मौद्याला नणंदेकडे पाठवून दिलं. नणंदेच्या घरी शेतीची कामं, तिला दुसऱ्याचं लेकरू किती दिवस सांभाळणं होणार? म्हणून सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "जिची थुंकी पहिले साफ होईन, ती मौद्याले जाईन लेकराजवळ."

म्हणजे पुष्पा पहिले बरी झाली तर माझी बेबी तिच्या मांडीवर. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरांनी आम्हाला परत बोलावलं. दवाखान्यात एक संशोधन चालू होतं आणि आम्ही त्यात नाव द्यावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी बाकावर आमच्यासमोर बसून समजावलं.

"जुनं औषध काम करतं, हे पक्कं माहीत आहे. पण ते दीड वर्ष घ्यावं लागतं. चार महिन्यांत बरं वाटायला लागलं की माणसं सोडून देतात, मग आजार उलटतो आणि आणखी चार जणांना लागतो. नवं औषध कमी महिन्यांत तेच काम करेल का, हे आम्हाला बघायचं आहे."

मी विचारलं, मग आम्हाला दोघींना नवंच द्या ना. ते म्हणाले, कोणाला कोणतं द्यायचं हे ते ठरवत नाहीत. बंद पाकिटं आलेली आहेत, पाकिटात निघेल ते औषध. याला रँडम म्हणतात, म्हणजे कोणाच्याही मर्जीशिवाय. "मी निवडायला लागलो तर जे बरे होतीलसे वाटतात त्यांनाच मी नवं देईन," ते म्हणाले, "आणि मग उत्तर खोटं येईल."

आम्ही सह्या केल्या. माझ्या पाकिटात जुनं निघालं. पुष्पाच्या पाकिटात नवं.

जुनं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची सुई, रोज दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायची. सोबत घरी घ्यायला आयसोनायझिडची गोळी आणि पास नावाच्या औषधाच्या मूठभर गोळ्या, ज्यांनी तोंडाची चव जायची आणि पोट बिघडायचं. नवं म्हणजे रिफाम्पिसिन. रोज सकाळी उपाशीपोटी दोन लाल कॅप्सूल, तुकतुकीत, आणि सोबत दुसऱ्या गोळ्या. सुई नाही. डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही औषधं मातीतल्या बारीक जंतूंपासूनच शोधलेली आहेत, शास्त्रज्ञांनी कुठकुठची माती चाळून काढलेली. त्यानं माझं काही समाधान झालं नाही. मला वाटलं, मॅट्रिक झालेली गोरी बाई पाहून पाकीट बदललं.

त्या कॅप्सूलनं पुष्पाची लघवी केशरी व्हायची. ती बिचारी घाबरून मला सांगायला आली. सिस्टरनं तसं होणारच म्हणून सांगितलं होतं, तरी घाबरली. आणि मी? हिची लघवीसुद्धा रंगाची, म्हणून जळले. हसा, पण मी तेव्हा हसले नव्हते.

महिन्याभरात पुष्पाचा ताप गेला. गालावर रंग आला. मी सुई घेऊन कमरेवर हात ठेवून घरी यायची, तर ती अंगणात गहू निवडत गुणगुणत बसलेली असायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या महिन्यात आमचा दोघींचा स्पुटम तपासला, स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. तिच्यात जंतू अगदी तुरळक राहिले होते. माझ्यात अजून बरेच होते.

त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंजवळ बसले. भाजी निवडता निवडता म्हटलं, "आई, तुम्ही दोघींले लुगडी घेतली तर एका ठाणातली घेता. पाटल्या केल्या तर तोळ्याले तोळा. आता औषधाचंच असं काहून?"

आमच्या सासूबाईंचा एकच नियम होता. घरात दोन सुना आहेत, तर जे येईल ते सारखं. त्यांनी या नियमावर घर एकत्र ठेवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. माझं बोलणं त्यांच्या वर्मी लागलं. मला ते लागणार हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघींच्या पुड्या ताटात ओतल्या. एक कॅप्सूल मला, एक पुष्पाला. पासच्या गोळ्या अर्ध्या तिला, अर्ध्या मला. बाकीच्याही तशाच. "आता कोणाले बोलाले जागा नाही," त्या म्हणाल्या. पुष्पानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढ्यात आलेलं पाण्यासोबत गिळलं.

सुई वाटता येत नव्हती. ती माझी मलाच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं फिरलं.

सात आठवडे आम्ही अशी वाटणी खाल्ली. पासच्या गोळ्यांनी पुष्पाला उलट्या व्हायला लागल्या. माझी लघवी केशरी झाली आणि मला आनंद झाला, एवढी मी शहाणी. दवाखान्याची सिस्टर कधीकधी न सांगता घरी यायची, डब्यातल्या गोळ्या मोजायची आणि लघवी बाटलीत घेऊन जायची. एक दिवस ती अशीच आली. माझी बाटली उजेडात धरली, नाव वाचलं, पुन्हा धरली.

"तुम्हाला ही कॅप्सूल कोणी दिली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांसमोर उभ्या. सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "मी वाटली. माह्या घरात दुजाभाव नाही." मी गप्प बसले. तोंडाला कुलूप लावलं म्हणा ना.

डॉक्टर चिडले नाहीत, ते बघून मला जास्त भीती वाटली. त्यांनी कागदावर टिंबं काढली. "हे जंतू. एका औषधानं यातले बरेच मरतात, पण एखाद-दोन असे असतात की त्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून आम्ही दोन-तीन औषधं पूर्ण प्रमाणात एकत्र देतो. एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो. तुम्ही अर्धं अर्धं केलंत. अर्ध्या औषधात ते सुटलेले जगतात, त्यांची पिल्लं वाढतात आणि मग ते औषध त्या माणसाला कधीच लागू पडत नाही." याला रेझिस्टन्स म्हणतात. शरीराचा नाही, जंतूंचा.

मग त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं आणि आमच्या दोघींच्या नावांवर रेघ ओढली. संशोधनात आता आमचा उपयोग नव्हता. कोणत्या औषधानं काय झालं, हे आमच्या अंगावरून कोणालाच सांगता आलं नसतं. उपचार मात्र चालू राहणार होते.

त्यानंतर वाट पाहणं. कल्चर म्हणजे बेडक्यातले जंतू बाटलीत अंड्यापासून केलेल्या खाद्यावर वाढवून बघणं. त्याला सहा-आठ आठवडे लागतात, आणि कोणतं औषध लागू पडतं ते बघायला आणखी काही आठवडे. दर सोमवारी आम्ही दोघी त्याच बाकावर बसायचो. मधे एका माणसाची जागा रिकामी असायची.

माझा निकाल पहिले आला. जंतू नाहीत. सुई रोज पूर्ण मिळत होती, तिनं मला वाचवलं. ज्या सुईच्या नावानं मी रोज बोटं मोडली, ती. पुष्पाचे जंतू मात्र परत वाढले होते, आणि आता त्यांना ना कॅप्सूल मारत होती, ना आयसोनायझिडची गोळी.

तिला वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या फळीची औषधं सुरू केली, ज्यांनी जेवण पोटात राहत नाही आणि डोकं गरगरतं. त्यातली एक सुई कानाला त्रास देते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण दुसरा इलाज नव्हता. आता घरात कोणाची थुंकी खराब नव्हती, म्हणून मी मौद्याला जाऊन बेबीला घरीच घेऊन आले. ठरल्याप्रमाणे. जी पहिले साफ, तिच्याजवळ लेकरू.

माझ्या मनासारखं झालं होतं. मी रोज डबा घेऊन वॉर्डात जायची. पुष्पा बेबी कशी आहे, एवढंच विचारायची.

पुढे काही वर्षांनी तीच लाल कॅप्सूल आमच्या भागातल्या साध्या दवाखान्यात मिळायला लागली. शेजारची एक सून कमी महिन्यांत बरी होऊन कामाला लागली. मी त्याच डॉक्टरांना जाऊन विचारलं, ते तुमचं उत्तर निघालं का. ते म्हणाले, "निघालं. असं ठिकठिकाणी बघितलं, तेव्हा कुठे हे औषध सगळ्यांना देता येतंय." त्या उत्तरात कितीतरी साध्या माणसांचे आकडे आहेत, ज्यांनी पाकिटात निघालं ते तक्रार न करता शेवटपर्यंत खाल्लं. मला त्यांचा हेवा वाटतो. हा हेवा अजून गेलेला नाही आणि जाऊ नये असं वाटतं. तुमच्या घरात हा आजार असेल, तर जे औषध ज्याच्या नावाचं आहे ते त्यालाच द्या, पूर्ण द्या, आणि बरं वाटलं तरी सोडू नका. माझ्याजवळ सांगायला एवढंच आहे.

पण पुष्पा घरी आली तो दिवस राहिला. दीड वर्षानं आली. वाळली होती, पण थुंकी साफ होती, सलग कितीतरी वेळा तपासून. ओसरीवर सासूबाई होत्या, दोघे भाऊ होते. पुष्पानं बेबीकडे हात केले. बेबी माझ्या पदरामागे लपली. ओळखच नव्हती तिला.

दीड वर्षापूर्वी मला नेमकं हेच पाहिजे होतं. आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं.

मग पुष्पा खाली बसली, तशी मीही तिच्याजवळ बसले. हळूच म्हटलं, "पुष्पा, आईनं आपल्या मनानं वाटणी केली नाही वं. मी लावून दिलं होतं त्यायले."

पुष्पा माझ्याकडे पाहत राहिली. "काय म्हणता, ताई? या कानानं मले येत नाही ऐकू."

दुसऱ्यांदा मला मोठ्यानं बोलावं लागलं. सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईंच्या हातातलं धान्याचं सूप खाली पडलं. माझे यजमान उठून आत निघून गेले.

पुष्पा म्हणाली, "मले माहीत होतं. ताटात पुड्या पडल्या तेव्हाच समजलं. मी डॉक्टरले सांगू शकली असती. पण मले वाटलं, एक कॅप्सूल देऊन तरी तुमचं मन माह्याविषयी साफ होईन."

मी बेबीचा हात पदरातून सोडवला, तिला पुष्पाच्या मांडीवर बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. बेबी बराच वेळ मला हाका मारून रडली. मी बाहेर आले नाही.