कानबाईच्या दिवशीची चाचणी

ऑनलाइन बी.ए.चा अर्ज आम्ही दोघी जावांनी एकाच दिवशी भरला, पण कल्पना माझी होती. हे मी आजही सांगते, कारण बाकी सगळे ते सोयीस्कर विसरले. डिंडोलीतल्या आमच्या घरात सासूबाई, कापडाच्या लूमवर जाणारे आमचे नवरे, पोरं आणि आम्ही दोघी. माझी बारावी खानदेशातल्या गावात झाली, धाकटीची इथेच सुरतेत. तिची बोटं फोनवर अशी पळतात की बघणाऱ्याला घेरी यावी. तेवढंच असतं तर मी सोसलं असतं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी विद्यापीठाने एक व्हिडिओ पाठवला. त्यात इस्त्रीच्या साडीतल्या एक मॅडम हसत सांगत होत्या, की घरात एक शांत कोपरा ठरवा, रोजची एक वेळ ठरवा आणि घरच्यांना विश्वासात घ्या. मी शहाण्यासारखं सगळं केलं. पाण्याच्या पिंपामागची जागा झाडून घेतली. दुपारची वेळ ठरवली. मग सासूबाईंना विश्वासात घ्यायला त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, दुपारी दोन ते चार मी घरात नाहीच असं समजायचं."

"मंग भाकरी कोन करी?" त्यांनी विचारलं. माझं विश्वासात घेणं तिथेच आटोपलं.

धाकटीने काहीच ठरवलं नाही. तिला गरजच नव्हती. आमच्या घरात अजून बाहेर बसायची रीत आहे. महिन्याचे ते चार दिवस बाईने स्वयंपाकघरात यायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, बाजूच्या छोट्या खोलीत बसायचं. ताट उंबऱ्यापर्यंत येतं. आणि मुख्य म्हणजे, "अगं, जरा इकडे ये" असं कोणी म्हणत नाही. एकेकाळी या रीतीच्या नावाने मी कडाकडा बोटं मोडायचे. आता धाकटी त्या खोलीत भिंतीला टेकून, कानात वायर घालून लेक्चरमागून लेक्चर ऐकायची आणि मी बाहेर तिच्याही वाटच्या भाकरी थापायचे. माझी पिशवी काढून दोनेक वर्षं झाली होती. तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, सुटलीस बाई! सुटले कसली? माझी तर हक्काची रजाच गेली.

जळायचे मी तिच्यावर. तिचं ताट उंबऱ्यावर मुद्दाम आपटून ठेवायचे. ती मान वर करून हसायची आणि विचारायची, "ताई, तिसरा पाठ झाया का?" माझा दुसराच अर्धा राहिलेला असायचा. हे तिला ठाऊक असणार, असं मला तेव्हा पक्कं वाटायचं.

मग श्रावणात आमची खानदेशी देवी कानबाई घरी आली, आणि नेमक्या त्याच रविवारी दुपारी आमची पहिली चाचणी. फोनवरच द्यायची होती. चुकली तर पुन्हा होणार नाही आणि सत्राच्या परीक्षेलाही बसता येणार नाही, असा स्पष्ट संदेश आला होता. पण कानबाईचे रोट म्हणजे साऱ्या भाऊबंदांचं काम. घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजलेला गहू दळून त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. भेस्तानहून चुलत सासवा आणि नणंदा सकाळीच आल्या होत्या. थोरली सून म्हणून पुरण माझ्या गळ्यात. आणि धाकटी? ती शनिवारीच छोट्या खोलीत जाऊन बसली होती. पुरण घोटता घोटता मी मनात म्हटलं, कानबाई, तूसुद्धा तिचीच का गं?

वेळ जवळ आली तसं मी सासूबाईंना विचारून पाहिलं. "आई, तासभर जाऊ का? या आहेत ना सगळ्या."

"देवीना घरमा तुले मोबाइल सुचस?" त्या म्हणाल्या. चुलत सासू हसल्या. कमरेला खोचलेला फोन थरथरला, चाचणीची आठवण करून द्यायला. माझे डोळे भरून आले. मी पातेल्यावर आणखी वाकले, म्हणजे वाफेवर ढकलता येईल.

तेवढ्यात छोट्या खोलीतून हाक आली, "ताई, चार्जर द्या ना, मना फोन बंद पडी ऱ्हायना!"

माझा तिळपापड झाला. माझं वर्ष बुडतंय आणि हिचा चार्जरही मीच पोचवायचा! मी माझा चार्जर घेऊन तणतणत गेले. रीतीप्रमाणे चार्जर उंबऱ्यावर ठेवायला वाकले, तर तिने चार्जर सोडून माझं मनगटच धरलं. चांगलं घट्ट धरलं. आणि घरभर ऐकू जाईल अशी ओरडली, "आई! ताईले मना हात लागी ग्या!"

सासूबाई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. विटाळ झाला की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय देवीच्या कामाला हात लावायचा नाही. सकाळी भरलेलं पाणी पाहुण्यांच्या आंघोळीत संपलं होतं आणि नळ यायचा तो संध्याकाळी.

"बस आते तठेच!" त्या कडाडल्या. "पानी ई तवय आंग धोजो." आणि पुरणाचा डाव चुलत सासूच्या हातात गेला. त्यांचं हसू मात्र मावळलं.

मी आत जाऊन बसले. धाकटीने सरकून जागा केली. तिच्या उशाशी तिचा चार्जर पडलेला होता, आणि फोनची बॅटरी काठोकाठ भरलेली. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"मन्हाकडे काय दखतस? उघडा ना, टाइम सुरू व्हई ग्या," ती म्हणाली.

बाहेर पोळ्या भाजल्या जात होत्या आणि आम्ही दोघी एका भिंतीला टेकून उत्तरं निवडत होतो. तिचा पेपर माझ्या कितीतरी आधी झाला. तिने आरामात जांभई दिली, तेव्हा मी जळलेच. निकालातही ती माझ्या पुढे. निकाल लागला त्या दिवशी मी तिच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या महिन्यात ती खोलीत बसली तेव्हा मी ताट हळूच ठेवलं. पण तिथून लगेच उठले नाही. आत वाकून विचारलं, "चार्जर हवाय का गं तुला?"